रुमाल टाकला त्याची जागा

एसटीच्या लाल डब्यातून प्रवास केलेल्या प्रत्येक मराठी माणसाला रुमालाचा कायदा पाठ असतो. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल, टोपी, पिशवी, प्रसंगी घरातलं धाकटं पोर आत सोडायचं आणि मग दारातली रेटारेटी संपली की सावकाश आत जाऊन मालकाच्या थाटात बसायचं. तिकीट सगळ्यांचं सारखंच, पण जागा रुमालवाल्याची. हा कायदा कुठल्याही पुस्तकात नाही, तरी कंडक्टरसुद्धा तो मानतो.

इंटरनेटवरच्या नावांचा, म्हणजे ज्यांना आपण डोमेन नेम म्हणतो त्यांचा, कायदा अगदी हाच आहे. नाव कोणाचं? ज्यानं आधी नोंदवलं त्याचं. त्याचा त्या नावाशी काय संबंध, हे नोंदवताना कोणी विचारत नाही. एसटीतला माणूस निदान स्वतः बसण्यासाठी रुमाल टाकतो. पण एकानंच दोन-अडीचशे रुमाल टाकले आणि मग उभ्या प्रवाशांना जागा विकायला सुरुवात केली तर? इंटरनेटवर नेमकं तेच घडलं. ते कसं घडलं, कोणी कसं थांबवलं आणि कुठपर्यंत थांबलं, याचा इतिहास मोठा रंजक आहे. मी काही वकील नाही. गेली बरीच वर्षं मंडळाचं संकेतस्थळ सांभाळतो आहे आणि त्या निमित्तानं हा विषय गळ्यात पडला, इतकंच.

ओळखीच्या माणसांची यादी

सुरुवातीला हा सगळा घरचा कारभार होता. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या अर्पानेट या जाळ्यात मोजकेच संगणक होते. कोणत्या संगणकाचं नाव काय आणि क्रमांक काय, याची एकच यादी असे. ती कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क इथल्या एसआरआय या संशोधन संस्थेत ठेवलेली असे आणि तिथल्या माहिती केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. सगळे त्यांना 'जेक' म्हणत. नवा संगणक जोडायचा तर त्यांच्या कार्यालयाला कळवायचं. त्या नाव लिहून घेणार, आणि बाकीचे ती ताजी यादी आपापल्या संगणकावर उतरवून घेणार. गावात कोणाच्या घरी बाळ जन्मलं की ग्रामपंचायतीत नोंद व्हावी, तसा प्रकार.

संगणक वाढले तशी ही एक यादी पुरेना. मग १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी जॉन पोस्टेल यांच्या सांगण्यावरून नवी पद्धत रचली. दोघंही सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या इन्फर्मेशन सायन्सेस इन्स्टिट्यूटमधले. एका मोठ्या यादीऐवजी झाडासारखी रचना, आणि प्रत्येक फांदीचा हिशेब त्या त्या फांदीवाल्यानं ठेवायचा. १९८४ साली वरच्या फांद्यांची नावं ठरली. व्यापारी कंपन्यांसाठी कॉम, शिक्षणसंस्थांसाठी एज्यु, सरकारसाठी गव्ह, इतर संस्थांसाठी ऑर्ग. आजही आपण याच फांद्यांवर बसलो आहोत.

कॉममधलं पहिलं नाव १५ मार्च १९८५ ला नोंदलं गेलं. ते होतं सिम्बॉलिक्स डॉट कॉम, मॅसॅच्युसेट्समधल्या एका संगणक कंपनीचं. त्या अख्ख्या वर्षात कॉममध्ये किती नावं नोंदली गेली असतील? सहा. होय, फक्त सहा. नाव फुकट मिळत होतं, तरी मागणारंच कोणी नव्हतं. रिकाम्या एसटीत रुमाल टाकतो कोण?

त्या काळच्या लोकांची वृत्ती समजून घ्यायची असेल तर पोस्टेल यांनी मार्च १९९४ मध्ये लिहिलेलं एक टिपण वाचावं. वरच्या फांद्या सांभाळणाऱ्यांना उद्देशून ते सांगतात की इथं हक्क आणि मालकी यांची भाषा गैरलागू आहे, जबाबदारी आणि समाजाची सेवा यांचा विचार करा. आणि एकाच नावावरून दोघं भांडले तर नोंदणी कार्यालयानं काय करायचं? दोघांना एकमेकांचा पत्ता द्यायचा आणि बाजूला व्हायचं! ओळखीच्या माणसांत हे चालून गेलं. पण तोवर दारात अनोळखी गर्दी जमू लागली होती.

रोनाल्डची गंमत

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जोशुआ क्विटनर नावाच्या पत्रकाराचा लेख 'वायर्ड' मासिकात आला. अमेरिकेतल्या पाचशे बड्या कंपन्यांपैकी जेमतेम एक तृतीयांश कंपन्यांनी स्वतःचं सरळसरळ नाव नोंदवलं होतं, असं त्याच्या पाहणीत आढळलं. मॅकडोनाल्ड्सला त्यानं फोन करून विचारलं, की बाबांनो, तुमचं नाव मोकळं आहे, घेणार का? समोरून धड उत्तर येईना. तेव्हा या पठ्ठ्यानं मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम स्वतःच नोंदवून टाकलं आणि 'रोनाल्ड ॲट मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम' असा ईमेल पत्ता घेऊन वाचकांनाच विचारलं, आता मी या नावाचं काय करू?

शेवट गोड झाला. क्विटनरनं स्वतःसाठी एक डॉलरही मागितला नाही. ब्रुकलिनमधल्या एका सरकारी शाळेला संगणक आणि इंटरनेट जोडणीसाठी कंपनीनं ३,५०० डॉलर दिले आणि नाव परत घेतलं. पण लेख वाचणाऱ्या सगळ्यांनीच शाळेचा विचार केला नाही. पुष्कळांच्या डोक्यात दुसराच दिवा पेटला.

त्यानंतर १४ सप्टेंबर १९९५ पासून नोंदणीला पैसे पडू लागले. दोन वर्षांचे १०० डॉलर. नोंदणीचं काम तेव्हा नेटवर्क सोल्युशन्स या एकाच कंपनीकडं होतं. खरं तर पैसे लागू झाल्यावर हौशे-नवशे मागं हटायला हवे होते. झालं उलटंच. ज्या वस्तूला किंमत असते तिला भाव येतो, हे लोकांच्या लक्षात आलं.

आयत्या बिळावर नागोबा

आता इथं दोन प्रकारच्या व्यापाऱ्यांत फरक करायला हवा. नाहीतर सगळ्यांनाच एका माळेचे मणी म्हटल्यासारखं होईल.

पहिला प्रकार साध्या शब्दांचा साठा करणाऱ्यांचा. 'बिझनेस' हा शब्द कोणाच्या बापाचा नाही. बिझनेस डॉट कॉम हे नाव १९९७ मध्ये दीड लाख डॉलरला विकलं गेलं तेव्हा लोकांनी घेणाऱ्याला वेड्यात काढलं. दोनच वर्षांनी त्यानं ते ७५ लाख डॉलरला विकलं. याला तुम्ही सट्टा म्हणा, दूरदृष्टी म्हणा, पण चोरी म्हणता येणार नाही. हमरस्ता व्हायच्या आधी त्या कडेची जमीन घेऊन ठेवणाऱ्यासारखंच हे. बड्या कंपन्याही यात मागं नव्हत्या. साबण आणि टूथपेस्ट विकणाऱ्या प्रॉक्टर अँड गॅम्बलनं 'बॅडब्रेथ डॉट कॉम', 'पिंपल्स डॉट कॉम' अशी नावं जमवून ठेवली होती आणि २००० साली त्यांतली शंभरावर विक्रीला काढली.

दुसरा प्रकार नागोबाचा. वारूळ मुंग्यांनी बांधायचं आणि राहायला हा. इलिनॉयमधल्या डेनिस टोपेन यानं सुमारे २४० नावं नोंदवली, त्यांत कितीतरी प्रसिद्ध कंपन्यांची. चित्रपटांचे कॅमेरे बनवणाऱ्या पॅनाव्हिजनला त्यानं १३,००० डॉलर मागितले. कंपनीनं नकार दिल्यावर पठ्ठ्यानं त्यांच्याच पॅनाफ्लेक्स या दुसऱ्या नावावरही रुमाल टाकला. बरं, पॅनाव्हिजन डॉट कॉमवर त्यानं ठेवलं काय होतं? इलिनॉयमधल्या पाना नावाच्या गावाचे विमानातून काढलेले फोटो! म्हणजे 'पाना'चं 'व्हिजन', आता बोला. १७ एप्रिल १९९८ ला अपील न्यायालयानं त्याच्याविरुद्ध निकाल दिला. दुसऱ्याच्या नावाचा खंडणीसारखा वापर करणं हाच त्याचा धंदा आहे आणि तो व्यापारचिन्हाच्या कायद्यात बसत नाही, असा त्याचा मथितार्थ.

त्याच वर्षी इंग्लंडच्या अपील न्यायालयानं मार्क्स अँड स्पेन्सर, सेन्सबरी वगैरेंची नावं अडवून बसलेल्या 'वन इन अ मिलियन' या कंपनीला असाच दणका दिला. आणि १९९९ हे वर्ष निर्णायक ठरलं. ऑगस्टमध्ये आयकॅन या नव्या नियामक संस्थेनं नावांचे तंटे न्यायालयाबाहेर सोडवण्याची पद्धत स्वीकारली. नोव्हेंबरमध्ये अमेरिकन काँग्रेसनं कायदा केला. त्यात वाईट हेतूनं अडवलेल्या प्रत्येक नावामागं १,००० ते १,००,००० डॉलर भरपाई लावण्याची सोय होती.

आयकॅनच्या पद्धतीत तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. नाव तुमच्या चिन्हासारखं आहे, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्यानं ते वाईट हेतूनं घेऊन वापरलं आहे. पहिला तंटा कुस्तीचा निघाला. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनचं नाव एकानं नोंदवलं आणि तीनच दिवसांत १,००० डॉलरला देऊ केलं. जानेवारी २००० मध्ये निकाल लागला, नाव कुस्तीवाल्यांना मिळालं.

मुंबईचा निकाल

भारतातही हे लोण पोचायला वेळ लागला नाही. सर्वसामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, आणि चार वर्षांच्या आत न्यायालयांत खटले उभे राहिले. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं याहूइंडिया डॉट कॉम वापरणाऱ्यांना मनाई केली. 'याहू' हा शब्दकोशातला शब्द आहे, हा त्यांचा बचाव टिकला नाही.

लगेच एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयासमोर आला रेडिफचा खटला. तुमच्यापैकी कितीजणांचा पहिला ईमेल पत्ता रेडिफमेलचा होता, हात वर करा! तर एकानं 'रॅडिफ डॉट कॉम' नोंदवलं. फरक एका अक्षराचा. हे नाव सुचलं कसं, असं विचारल्यावर उत्तर ऐकण्यासारखं होतं. 'रॅडिकल'मधली पहिली तीन अक्षरं, 'इन्फर्मेशन', 'फ्यूचर' आणि 'फ्री' यांतलं एकेक, असं मिळून म्हणे रॅडिफ! न्यायालयाचा यावर विश्वास बसला नाही. डोमेन नेम हा केवळ पत्ता नाही, त्याला व्यापारचिन्हाइतकंच संरक्षण मिळालं पाहिजे, असं न्यायालयानं सांगितलं.

यावर शिक्कामोर्तब झालं ६ मे २००४ ला, सर्वोच्च न्यायालयात. सत्यम इन्फोवेनं आपल्या नावाची अक्षरं जोडून 'सिफी' हा शब्द घडवला होता आणि दुसरी एक कंपनी तशाच नावानं उभी राहिली. डोमेन नेमसाठी आपल्याकडं वेगळा कायदा नाही. पण दुसऱ्याचा माल आपला म्हणून खपवणं जुन्या कायद्यानंही गुन्हेगारीइतकंच गैर, म्हणून त्याच कायद्याचं छत्र न्यायालयानं नावांवर धरलं.

पुण्याच्या दुकानांवरची 'आमची कोठेही शाखा नाही' ही पाटी वाचून आपण हसतो. पण ती पाटी उगाच लागलेली नाही. एखाद्यानं तीस वर्षं बाकरवडी तळून किंवा चितळ्यांसारखं पहाटे दूध घालून नाव कमवायचं, आणि शेजारच्या गल्लीत त्याच नावाचं दुसरं दुकान निघायचं, या अनुभवातून ती आली. न्यायालयांनी जे सांगितलं ते त्या पाटीवर आधीच लिहिलेलं होतं. नाव कमवावं लागतं.

मग मोठ्यांची दांडगाई?

इथवर वाचून वाटेल की न्याय झाला. पण थांबा, नाण्याला दुसरी बाजूही आहे. उझी निसान नावाचे एक गृहस्थ जेरुसलेमला जन्मले आणि अमेरिकेत उत्तर कॅरोलिनात स्थायिक झाले. निसान हे त्यांचं आडनाव, आणि हिब्रू पंचांगातला एक महिनाही. त्यांचा संगणकांचा छोटा व्यवसाय होता. १९९४ मध्ये त्यांनी निसान डॉट कॉम नोंदवलं. १९९९ च्या डिसेंबरात जपानच्या मोटार कंपनीनं त्यांच्यावर खटला भरला. पुढची कित्येक वर्षं तो चालला. हा माणूस हटला नाही आणि नाव शेवटपर्यंत त्याच्याकडंच राहिलं. पण उमेदीची वर्षं आणि कमाई वकिलांच्या फीत गेली. २०२० मध्ये कोविडनं त्यांचं निधन झालं. खटला जिंकूनही माणूस दमतो, हे आपल्याकडं जमिनीच्या वादात भाऊबंदकी पाहिलेल्यांना सांगायला नको.

प्रसिद्धी असली म्हणजे नाव मिळतंच असंही नाही. २००० साली ज्युलिया रॉबर्ट्स या अभिनेत्रीला तिचं नाव मिळालं, कारण ज्यानं घेतलं होतं त्यानं ते लिलावात काढलं होतं. त्याच वर्षी गायक स्टिंग मात्र हरला. 'स्टिंग' हा साधा इंग्रजी शब्द, आणि समोरचा माणूस खेळात तेच टोपणनाव वापरत होता. मला हे दोन्ही निकाल एकत्र वाचायला आवडतात. कमावलेलं नाव आणि आधी टाकलेला रुमाल, यांतला झगडा त्यात स्वच्छ दिसतो.

या झगड्याचं मूळ कारण मात्र तांत्रिक आहे. प्रत्यक्ष जगात एकच नाव दहा जण सुखानं वापरू शकतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. पुढं कितीतरी शहरांत महाराष्ट्र मंडळं झाली, पण कोणी कोणाशी नावावरून भांडलं नाही. शिकागोच्या माणसाला कधी लंडनच्या मंडळाची वर्गणी भरावी लागली नाही. इंटरनेटवर मात्र प्रत्येक फांदीवर त्या नावाचं पान एकच. जगभरच्या सगळ्या मंडळांसाठी बाकडं एक आणि रुमाल एक.

रुमाल उडून गेला तर

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. डोमेन नेम कधीच विकत मिळत नाही, ते भाड्यानं मिळतं. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षं. भाडं थकलं की जागा गेली.

भल्याभल्यांची यात तारांबळ उडाली आहे. १९९९ च्या नाताळात हॉटमेलच्या पुष्कळ लोकांना पत्रपेटी उघडता येईना. कारण काय, तर प्रवेशासाठी लागणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉमचं भाडं मायक्रोसॉफ्टनं भरलं नव्हतं! नॅशव्हिलच्या एका प्रोग्रामरनं स्वतःच्या क्रेडिट कार्डावर ३५ डॉलर भरून ते चालू करून दिलं. कंपनीनं नंतर त्याला ५०० डॉलरचा धनादेश पाठवला. २०१५ च्या सप्टेंबरात तर कच्छच्या मांडवीहून अमेरिकेत आलेल्या एका तरुणाला चक्क गूगल डॉट कॉम विक्रीला दिसलं. त्यानं १२ डॉलरला ते घेतलंही. मिनिटभरात व्यवहार रद्द झाला आणि गूगलनं त्याला ६,००६.१३ डॉलर बक्षीस दिलं. आकडा नीट पाहा, त्यात 'गूगल' लपलेलं आहे. पैसे तो दान करणार हे कळल्यावर कंपनीनं ते दुप्पट केले.

त्यांना सज्जन भेटले. सगळ्यांनाच भेटत नाहीत. आमच्याच राज्यातल्या एका छोट्या मंडळाची गोष्ट सांगतो. २००० च्या सुमारास तिथल्या एका उत्साही विद्यार्थ्यानं मंडळाचं नाव स्वतःच्या कार्डावर नोंदवलं. शिक्षण संपलं, तो नोकरीला दुसऱ्या किनाऱ्यावर गेला. कार्डाची मुदत संपली, विद्यापीठाचा ईमेल पत्ता बंद झाला, आणि नूतनीकरणाच्या सगळ्या सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. २००६ च्या उन्हाळ्यात नाव सुटलं. गणेशोत्सवाची आमंत्रणं छापून तयार होती, खाली ठळक अक्षरात तोच पत्ता. आणि त्या पत्त्यावर काय, तर कर्जाच्या आणि वजन घटवायच्या गोळ्यांच्या जाहिराती! एका काकूंनी अध्यक्षांना फोन करून विचारलं, "अहो, मंडळानं सावकारी सुरू केली का?"

मी आमचं संकेतस्थळ सांभाळतो म्हणून त्यांच्या सचिवांनी मला मदतीला बोलावलं. नाव घेणाऱ्याला पत्र लिहिलं तर उत्तर आलं, १,८०० डॉलर. तंटा लढवावा तर जिनिव्हाच्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेची फीच १,५०० डॉलर. शिवाय मंडळाचं नाव व्यापारचिन्ह म्हणून नोंदलेलं नव्हतं. खजिनदार म्हणाले, "एवढ्यात दिवाळीचा हॉल येतो." सगळ्यांनी गप्प राहून मान डोलावली. ऑर्गमध्ये दुसरं नाव घेतलं, आमंत्रणांवर चिकटपट्ट्या लावल्या. पुढं दोन वर्षं लोक जुन्याच पत्त्यावर जात राहिले. बड्या कंपन्यांनी भांडून मिळवलेला कायदा पुस्तकात होता, पण तो उघडायची किंमत आमच्यासारख्यांच्या हॉलच्या भाड्याइतकी होती.

हे अपघातानं होत नाही. सुटणाऱ्या नावांवर डोळा ठेवून बसलेल्यांचा तो पूर्णवेळ धंदा आहे. मध्यंतरी तर नोंदणीनंतर पाच दिवसांत नाव परत करून पैसे मिळवण्याच्या सवलतीचा फायदा घेऊन लाखो नावं 'चाखून' परत केली जात. चवीला चांगली लागली, म्हणजे जाहिरातीचे पैसे आले, तर ठेवायची. आयकॅननं परत करण्यावर शुल्क बसवलं आणि २००९ पर्यंत हा प्रकार ९९ टक्क्यांहून अधिक घटला. जानेवारी २००८ मध्ये, कोणी नाव उपलब्ध आहे का एवढं पाहिलं तरी नेटवर्क सोल्युशन्स ते काही दिवस स्वतःकडं अडवून ठेवते, हे उघड झालं. ग्राहकाच्या संरक्षणासाठीच करतो, असं त्यांचं म्हणणं. लोकांचा गदारोळ व्हायचा तो झालाच.

नवी गाडी, जुना कायदा

फांद्या वाढवल्या की भांडणं कमी होतील, अशी आशा होती. भारताची 'इन' ही फांदी आधी मुंबईत जुहूच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राकडं होती. कागदपत्रं दाखवल्याशिवाय नाव मिळत नसे, त्यामुळं २००४ पर्यंत जेमतेम सात हजार नावं झाली होती. जानेवारी २००५ मध्ये नवं धोरण आलं. आधी तीन आठवडे व्यापारचिन्हवाल्यांना संधी, आणि १६ फेब्रुवारीपासून सगळ्यांना मोकळं रान. कंडक्टरनं आधी राखीव जागा भरून घेतल्या आणि मग दार उघडलं, असं म्हणा. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरीतलं 'डॉट भारत' आलं. आपलं नाव आपल्या लिपीत लिहायची सोय झाली.

पण कायदा बदलला नाही. २०२३ मध्ये दिल्लीच्या एका तरुणानं अंदाज बांधून जिओहॉटस्टार डॉट कॉम नोंदवलं. दोन कंपन्या एकत्र येण्याची चिन्हं दिसल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यानं केंब्रिजमधल्या शिक्षणाचा खर्च मागितला. तो मिळाला नाही. मग दुबईतल्या दोन शाळकरी भावंडांनी ते नाव त्याच्याकडून घेतलं आणि कंपनीला फुकट द्यायची तयारी जाहीर केली. क्विटनरच्या शाळेपासून या भावंडांपर्यंत तीस वर्षं झाली. रुमाल तोच, टाकणाऱ्याचं मन वेगवेगळं.

तर करायचं काय?

पुष्कळजण मला विचारतात, म्हणून थोडक्यात. मुलीचं नृत्याचं वर्ग असो, घरगुती मसाल्यांचा व्यवसाय असो की मंडळ, नाव ठरलं की त्याच बैठकीत नोंदवा. आधी चौकशी आणि पुढच्या महिन्यात नोंदणी, हे नको. मराठी नावाचं रोमन स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी होतं, तेव्हा जवळची दोन्ही घ्या. वर्षाचा खर्च दोन सिनेमाच्या तिकिटांपलीकडं जात नाही. नोंदणी संस्थेच्या नावावर करा, कार्यकर्त्याच्या नको. ईमेल पत्ता संस्थेचा, किल्ली दोघांकडं, आणि भाडं दहा वर्षांचं एकदम.

अजून एक. जुने दिवाळी अंक, स्मरणिका, कार्यक्रमांच्या पत्रिका फेकू नका. नोंदलेलं व्यापारचिन्ह नसलं तरी हे नाव आम्ही इतकी वर्षं वापरतो आहोत, हे दाखवायला तंट्यात असलेच कागद उपयोगी पडतात. आपल्या माळ्यावरचे ते गठ्ठे म्हणजे आपल्या नावाचा सातबारा आहे.

दर जानेवारीत जुनी कार्यकारिणी नव्या कार्यकारिणीला सामान सोपवते. गणपतीचं मखर, समया, सतरंज्या, दोन माइक, चहाचा मोठा थर्मास, भांड्यांचे खोके. प्रत्येक वस्तूपुढं टिकमार्क आणि खाली दोघांच्या सह्या. त्या यादीत यंदा एक ओळ वाढवा. मंडळाचं डोमेन नेम, मुदत कधी संपते ती तारीख, आणि किल्ली कोणाकडं ते.